खडकाईचा उष्टा नैवेद्य

नांदवणे बंदरावर तरीतून उतरले की डाव्या हाताला एक काळा कातळ दिसतो. भरतीला तो निम्मा बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. त्याच्या माथ्यावर ओंजळभर पाणी राहील एवढा गोल खळगा आहे आणि पोटाशी शेंदूर फासलेली खडकाई आहे. नारळी पौर्णिमेला सगळा किनारा दर्याला नारळ वाहतो आणि घरी नारळीभात खातो. नांदवणेकरही नारळ वाहतात, पण देवीच्या खळग्यात ठेवतात ती हिरवीगार चटणी. तिच्यात लसूण मूठमूठ असतो आणि खोबऱ्याचा कणही नसतो. शिवाय ती ठेवण्याआधी वाटणारी बाई सगळ्यांदेखत बोटभर चाखते.

पाहुणे इथेच दचकतात. नैवेद्य आणि उष्टा? आपल्याकडे आमटीत मीठ पडले की नाही हेसुद्धा देवाला दाखवून झाल्यावर कळते. तरीवरचे म्हातारे धाकू नाखवा अशा वेळी हातातली विडी विझवतात. "चाखली नाय तर देवी घेत नाय," ते म्हणतात. "बसा जरा. भरतीला अजून वेळ हाय." मग ते सांगतात ते असे.

फिरंग्यांची जहाजे या किनाऱ्याने जात-येत होती त्या काळी गावात आंबी नावाची कोळीण राहत होती. नवरा लवकर गेलेला. हरबा नावाचा एकुलता एक मुलगा, तो पडावावर, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीवर, मस्कतेच्या फेरीला गेला. पडाव मृगाआधी परतायला हवा होता. मृग गेला, आर्द्रा गेली, गावातले सगळे पडाव वर ओढून शाकारून झाले, आणि हरबाचा काही आला नाही. आंबी रोज कातळावर जाऊन उभी राहायची. लोक आधी तिला धीर द्यायचे, मग तिच्या वाटेला जाईनासे झाले. काय बोलणार?

शेवटी तिने खडकाईला नवस केला. "'आई' म्हणून हाक माज्या कानावर पडत नाय तवर लसनाचा कण तोंडात घालनार नाय." पाहुण्यांना हा नवस किरकोळ वाटतो. कोळ्याच्या घरात लसूण सोडणे म्हणजे जेवण सोडल्यात जमा. कालवण गेले, चटणी गेली, भाजलेल्या बोंबलाची चव गेली. आंबी मीठ लावून कोरडा भात गिळायची, तोही कसाबसा.

श्रावण लागला. पौर्णिमेला आठ दिवस असताना मोठे वादळ झाले आणि बाहेर दर्यात एक जहाज फुटले. सकाळी ओहोटीला आंबी कातळावर गेली, तर खळग्याशी एक पोरगा पालथा पडलेला. विशीचा असेल. गोरा, केस लालसर, एक पाय मोडलेला. तो स्पेन देशातला होता हे फार पुढे कळले. तेव्हा गावाच्या लेखी तो फिरंगी होता, आणि फिरंग्याला घरात घेतले की घर बाटले. आंबीची जाऊ सोनकी दारात आडवी उभी राहिली.

"अगो, तुजा कोन लागतो तो?"

आंबीने तिला बाजूला सारून पोराला आत घेतले. तिच्या मनात एकच हिशेब पक्का बसला होता. दर्याच्या या काठावर मी दुसरीचा पोर जगवला, तर त्या काठावर कोणीतरी माझा जगवील. हा मेला, तर हरबाही गेला. त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना.

आणि पोरगा तर अन्नाला शिवेना. पेज दिली, तोंड फिरवले. मासळी दिली, तोंड फिरवले. पावसाचे पाणी तेवढे पागोळीखाली स्वतःची ओंजळ धरून प्यायचा. तिसऱ्या दिवशी त्याची छाती भरली, म्हणून तिने लसूण ठेचून तिळाच्या तेलात टाकला. तो वास सुटताच पोराने डोळे उघडले, मान उचलली. एका तळव्यावर दुसरी मूठ आपटून त्याने कुटून दाखवले आणि परसातल्या हिरवळीकडे बोट केले. काहीतरी हवे होते त्याला! आंबीने खलबत्ता पुढ्यात ओढला आणि घरात होते नव्हते ते एकेक करून त्याच्या नाकाशी धरले. कोथिंबिरीला त्याने मान डोलावली. जिऱ्याला डोलावली. हळदीला नाही, चिंचेला नाही. शेजारची आंबलेली माडी आणली, तिचा आंबट शिरका झाला होता, त्यावर त्याचे डोळे लकाकले. तिने लसूण, जिरे, मीठ कुटले, कोथिंबीर घातली, तेल आणि शिरका सोडला, आणि सवयीने हाताला आले म्हणून मूठभर खोबरेही ढकलले. जिने आयुष्यभर खोबऱ्याशिवाय वाटण पाहिले नाही तिला हे सुचायचेच.

पोराने वाटी हातात घेतली, वास घेतला, तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिले आणि वाटी खाली ठेवली.

खोबरे चुकले, असे आंबीला वाटले. तिने बिनखोबऱ्याची केली. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिले आणि वाटी ठेवली. मग तेल जास्त करून पाहिले, शिरका कमी करून पाहिला. जिरे भाजून घातले, कच्चे घातले. परसातली कोथिंबीर संपली तेव्हा ती भर पावसात दुसऱ्या वाडीत जाऊन मागून आली. प्रत्येक वेळी तेच व्हायचे. वाटी, टक लावून पाहणे, आणि मान भिंतीकडे. सहाव्या दिवशी त्याला वाटी धरवेना. आंबी खलबत्त्यापुढे बसून कपाळ बडवून घ्यायला लागली. "काय पायजे तुला, मेल्या? काय कमी पडतंय? सांग ना रे!" तिचा आवाज तीन घरे ऐकू गेला म्हणे, पण कोणी आले नाही.

पौर्णिमेच्या दिवशी सगळा गाव वाजतगाजत दर्यावर गेला होता. घरात ती दोघेच. तिने पुन्हा वाटी पुढे केली. पोराने मोठ्या कष्टाने हात उचलला, तिचे बोट धरले, वाटीत बुडवले, आणि ते तिच्याच ओठांकडे नेले.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चव चुकत नव्हती. तो घाबरला होता. परका मुलूख, परकी बाई, रोज नवी वाटी पुढे करते आणि स्वतः मात्र कण तोंडात घालत नाही. त्याला वाटत होते, हिने विष कालवले आहे.

तिने हात मागे ओढला. बोटाला लसूण होता. बाहेर ढोल वाजत होते आणि गाव खडकाईला नारळ वाहत होता, त्याच खडकाईला जिच्यापुढे तिने शब्द दिला होता. बोट तोंडात घातले तर नवस मोडणार आणि हरबा बुडणार. नाही घातले तर हा पोर तिच्या मांडीवर जाणार. तिने सगळ्या देवांना हाका मारल्या. एकानेही ओ दिली नाही. पोराचे डोळे मिटायला लागले, तशी ती हंबरडा फोडून म्हणाली, "हरबा, माफ कर रे मला." आणि बोट तोंडात घातले.

आपल्या हाताने मुलाचा दोर कापतो आहोत असे तिला वाटले. ती रडत होती आणि चाटत होती. पोराने ते पाहिले. त्याने तोंड उघडले. तिने भाताचा मऊ घास चटणी लावून भरवला, त्याने गिळला, आणि गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा बोलला. "माद्रे."

चटणीचे नाव माद्रे, आंबी समजली.

पुढे तो सुधारत गेला. तो "माद्रे" म्हणायचा आणि आंबी हातातले काम टाकून कुटायला बसायची. ती पाणी भरत असली की म्हणायचा, ती कुटायची. सकाळी जागा झाल्यावर म्हणायचा, ती कुटायची. पोर कसा खादाड आहे, दिवसाला चारदा चटणी लागते, असे ती सोनकीला कौतुकाने सांगायची म्हणे. दर्या खुला झाल्यावर फिरंग्यांचे गलबत आले आणि तो निघाला. होडीत चढताना त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि रडत रडत "माद्रे, माद्रे" करायला लागला. आंबीने आधीच भरून ठेवलेला चटणीचा मातीचा बुडकुला त्याच्या हातात दिला. तो मान हलवत राहिला. "ने रे, वाटेत खा," ती म्हणाली. होडी दिसेनाशी झाली तरी हाक ऐकू येत होती.

हरबा आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. नवस मोडला म्हणून गेला, असे गाव म्हणाला. आंबीने वाद घातला नाही, कारण तिलाही तेच वाटत होते.

बारा वर्षांनी वसईकडचा एक दुभाष्या तिच्या ओट्यावर जेवायला थांबला. आंबी आता म्हातारी झाली होती. त्याने चटणीचे बोट चाटले आणि नाव विचारले.

"माद्रे," ती म्हणाली.

दुभाष्या हसला. "अहो आजी, हे खाण्याचं नाव नाही. अशी हिरवी चटणी स्पेनकडे घरोघरी कुटतात, पण तिला वेगळंच काही म्हणतात. त्यांच्यात माद्रे म्हणजे आई."

आंबीच्या हातातला डाव खाली पडला. मग ती म्हणाली, "म्हंजे तो मला हाका मारीत होता? आनि मी येकदाबी ओ दिली नाय."

ती तशीच उठून कातळावर गेली. हाक कानावर पडेपर्यंत, एवढाच तिचा नवस होता. हाक पडली होती, दिवसातून चारदा पडली होती. खडकाईने नवस पुरवला की तिला फसवले, हे धाकू नाखवांना विचारले तर ते सांगत नाहीत. संध्याकाळपर्यंत आंबी दर्याकडे तोंड करून "ओ" देत बसली होती, एवढेच सांगतात.

आजही नारळी पौर्णिमेला चाखलेली चटणी खळग्यात ठेवली की गावातले एक पोर दर्याच्या बाजूने "माद्रे" अशी हाक मारते. चटणी वाढायला कोणी धावत नाही. काठावरच्या साऱ्या बाया, लेकुरवाळ्या आणि ज्यांची लेकरे परत आली नाहीत त्याही, आधी एका आवाजात ओ देतात.