जळत्या तळव्यांची राणी

एका राज्यात चंद्रसेना नावाची राणी होती. शत्रू रानात लपला, म्हणून तिनं आपल्याच हातानं रान पेटवलं. शत्रू पळाला, लढाई जिंकली. पण माती भाजून विटेसारखी झाली, झरा दगडांखाली बुजला.

विजयाचे नगारे वाजत होते. तेवढ्यात एक धनेश पक्षी तिच्या रथावर उतरला.

"राणी, माझी कारभारीण ढोलीत अंडी उबवत होती. आम्ही ढोलीचं दार लिंपून घेतो. तिला उडता आलं नाही. आता ती आग तुझ्या तळव्यांत राहील."

आणि राहिली. हाती घेतलेल्या घासाचा कोळसा व्हायचा. तान्ही लेक कुमुद रडायची, आणि आई हात पाठीमागे धरून उभी.

"उतारा सांग," राणी म्हणाली.

"रानातलं लोखंड वेच. झरा मोकळा कर. तिसरं मग सांगेन. ढोलीत पुन्हा संसार बसला, की आग निवेल."

राणीनं बाणांची टोकं वेचली. हाती येताच ती मेणासारखी वितळत. शिळांना तळवे लावले. शिळा तडकल्या, पाणी आलं.

"तिसरं?"

"आता काही करू नकोस. कुणाला करू देऊ नकोस."

"हे काय काम झालं?"

"करून तर बघ."

पाण्यामागून टाकळ्याचं तण आलं, मग बोरी-बाभळींचं काटवण माजलं. सुबंध प्रधान नाक मुरडून म्हणाला, "राणीसाहेब, ही काय शोभा? कुऱ्हाडी पाठवतो. चंदन लावू."

"पाठवा. पण आधी माझा हात हातात धरून दाखवा, प्रधानजी."

प्रधान दोन पावलं मागं सरला.

काट्यांत शेळी शिरेना, हरीण शिरेना. त्या आडोशाला, धनेशानं टाकलेल्या बियांतून उंबर उगवला, बेहडा उगवला. राणी वेशीवर बसून राखण करी. कुमुद येऊन जरा लांब बसे.

"आईसाहेब, बेहडा केवढा झाला?"

"तुझ्याहून बोटभर कमी."

झाडं सावकाश वाढतात, बरं का. त्यांना फर्मान वाचता येत नाही. लेकरं मात्र थांबत नाहीत.

काटवण सावलीत आपोआप वाळलं. मग एका वादळात बेहड्याची फांदी मोडली, आणि पुढं कुजून तिथं ढोली पडली. दूरदेशीचं धनेशाचं जोडपं आलं. मादी आत बसली, दार लिंपलं गेलं.

वेशीवर राणीचे तळवे गार पडले.

ती उठली. लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला गेली, तर हात पोचेना. कुमुद हसली, आणि खाली वाकली.

राणीचे तळवे जसे निवले, तसे पेटवायला उठलेले सगळेच हात निवोत.