राणीने पाडलेली भिंत

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांच्या ओंजळीत वसलेल्या एका राज्यात, तलावाभोवतीची भिंत पाडली गेली. ती पाडण्याची आज्ञा राणीने दिली. कोणाच्या सल्ल्याने नव्हे, स्वतःच्या बुद्धीने. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण पुढे त्या आज्ञेचे श्रेय घेणारे पुष्कळ निघाले.

त्या राज्याला पाणी पुरवणारा तलाव एकच. त्याच्या मध्यभागी दगडी खांब होता, आणि खांबावर वरून खाली हत्ती, घोडा, बैल, शेळी व कासव कोरलेले होते. पाणी हत्तीला टेकले की तलाव भरला. कासव उघडे पडले की संकट आले. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळावे, म्हणूनच जाणत्यांनी ती चित्रे कोरली होती. परंतु मागाहून कोणा राजाने तलावाला उंच भिंत घातली, आणि ती चित्रे पाहण्याचा अधिकार एका रखवालदारापुरता उरला.

रखवालदार जे पाही ते ठाणेदाराला सांगे, ठाणेदार प्रधानाला आणि प्रधान राणीला. दरबारचा एक शिष्टाचार मात्र कडक होता: वरिष्ठांच्या कानी अशुभ घालू नये. त्यामुळे प्रत्येक जण निरोपात थोडी साखर घाली. रखवालदाराने शेळी म्हटले की ठाणेदार बैल म्हणे, आणि प्रधान घोडा म्हणे. आपण खोटे बोललो असे कोणालाच वाटत नसे.

त्या वर्षी थंडी सरत आली. उन्हाळी भात पेरावे की नाही, याची दवंडी राणीने द्यायची होती. "पेरा" असा शब्द तिच्या ओठांवर आला होता, तोच खालच्या गावची एक म्हातारी दरबारात उभी राहिली.

"आईसाहेब, घरात उरले आहे ते एवढेच बियाणे. पेरले आणि पाणी आटले, तर बीही गेले आणि घासही गेला. पाणी खरेच आहे का?"

"आहे, आजी. घोड्यापर्यंत आहे."

"असेल बापडे! आम्ही तो घोडा कधी पाहिला नाही. आम्ही पाहिली ती भिंत. आणि आमच्या विहिरींनी तर तळ दाखवला आहे."

दरबार हसला. राणी हसली नाही. ती भर दुपारी पायी तलावावर गेली आणि तिने दार उघडवले. पाणी शेळीच्या खुरांशी होते.

प्रधान तिचे मामा होते; त्यांनीच तिला लहानाची मोठी केली होती. भिंत पाडण्याचा विचार ऐकून ते कळवळून म्हणाले, "पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची! शेजारच्या राजाला आपली तहान कळेल, व्यापारी धान्य दडवतील, आणि लोक तुझ्या दारात येऊन तुझी गादी ओढतील."

"मूठ माझी असती, मामा, तर मी झाकली असती. पाणी त्यांचे आहे."

भिंत पडली. आणि मामांचे बोलणे बरेचसे खरे ठरले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. धान्य महागले. लोक वाड्यापुढे जमले. "राणीसाहेबांचा घोडा व्याला वाटते! शेळी झाली!" असे कोणी ओरडले, आणि हशा पिकला. राणी सूर्य मावळेपर्यंत पायरीवर उभी राहिली. तिने सारे ऐकून घेतले.

मग गावे भांडू लागली. वरचे गाव म्हणे, खालचे पाणी चोरते; खालचे म्हणे, वरचे. अखेरीस दोघांनीही आपापले पाट बंद केले आणि एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी काठावर माणसे बसवली. तरीही पाणी उतरतच राहिले! तेव्हा दोन्ही गावांची माणसे मिळून काठ शोधत निघाली. झुडपांखाली, फरशांनी झाकलेला एक तिसरा पाट त्यांना सापडला. तो थेट राजबागेत जात होता.

राणीला सांगायचे कोणी? शेवटी म्हातारीच पुढे झाली.

"आईसाहेब, चोर सापडला. पाणी तुमच्याच बागेत जाते. आता त्याला धरायचे कसे, ते तुम्हीच सांगा."

राणीचा चेहरा उतरला. ती बाग तिच्या दिवंगत आईने लावली होती. तिथल्या कारंज्यांना पाणी कोठून येते, हे तिने कधी विचारले नव्हते, आणि शिष्टाचारापायी कोणी सांगितलेही नव्हते. मामा तिच्या कानाशी वाकले.

"अजून वेळ गेलेली नाही. गवंडी बोलावतो. भिंत पुन्हा उभी राहील."

क्षणभर तिला "बोलवा" म्हणावेसे वाटले. आईचा चाफा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. समोर दोन्ही गावे तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"बोलवा, मामा," ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "त्या पाटाचे तोंड बुजवायला बोलवा."

त्या उन्हाळ्यात राजबाग वाळली. प्रथम जाई, मग चाफा. परंतु जे लोक राणीला टोमणे मारत होते, त्यांनीच भाताचा हट्ट सोडून थोड्या पाण्यावर येणारे मूग पेरले आणि पाण्याच्या पाळ्या आपसांत लावून घेतल्या. शेजारच्या राजाला त्यांची तहान कळली, तशी त्यांची एकीही कळली; तो आला नाही. मृग बरसला तेव्हा तलावात थोडेच पाणी उरले होते, पण कोणाच्याही घरचे बियाणे जळाले नव्हते.

पुढे काठावर सभा भरली आणि ठरले ते असे: भिंत पुन्हा कोणत्याही राजाने बांधू नये, खांब ज्याला पाहायचा त्याने पाहावा, आणि पाणी उतरले तर पहिली चौकशी राजाच्या पाटाची व्हावी. वरच्या गावाने मान्य केले. खालच्या गावाने मान्य केले. रखवालदाराने तर सर्वांत आधी हात वर केला. मामांचा हात मात्र खालीच होता.

"तुम्हांला पटले का, मामा?" राणीने विचारले.

"पटले नाही, पोरी. पण भिंतीवाचून तू टिकलीस, हे मी डोळ्यांनी पाहिले. माझीही संमती लिहा."

तात्पर्य: जो राज्यकर्ता लोकांपुढे सत्य उघडे ठेवतो, त्याला लोकांचे प्रश्न सोसावे लागतात, पण संकटात त्यालाच लोकांची साथ लाभते.