होडीची दुसरी कूस

बाळांनो, आणि बाळांच्या आईवडिलांनो, होडी धड आहे असं केव्हा म्हणावं, सांगा बरं?

फार पूर्वी, समुद्रातल्या एका बेटावर एक सुतारीण राहायची. नवऱ्यामागे त्याची हत्यारं तिच्याकडे आली, आणि होडी पारखायचं कामही.

एके दिवशी तांडेलाची, म्हणजे होडीच्या मालकाची, मोठी होडी खडकाला घासली. ओहोटी लागताच ती वाळूत एका कुशीवर कलंडली. दुसऱ्याच सकाळी तिच्यातून तांडेलाच्या लेकीचं वऱ्हाड पलीकडच्या काठाला जायचं होतं.

सुतारणीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत फळीन् फळी लाकडी हातोडीनं ठोकली. टक्, टक्. आवाज खणखणीत.

“झालं ना काकी? आता तेल चोपडा,” तांडेल म्हणाला.

“अर्धी झाली. ज्या अंगावर ती निजलीय, ते कोण बघणार? भरतीला तरंगली की दोर बांधून दुसऱ्या कुशीवर वळवा. पाणी उतरलं की उरलेली बघते.”

“अहो, घरात हळद खोळंबलीय. काका तर चालता चालता होडी बघायचे.”

“ते डोळ्यांनी बघायचे. मला कानांनी बघावं लागतं.”

वऱ्हाडी हसले. “काकी, नवरीलाही एकदा ठोकून बघा,” कुणीतरी म्हणालं.

सुतारणीला ते लागलं. नवरी तिच्याच अंगणात खेळून मोठी झालेली. पण सुतारीण होडीला पाठ टेकून बसली ती बसलीच. शेवटी तांडेलानं चिडून माणसं बोलावली, आणि भरतीच्या पाण्यात होडी वळवून घेतली.

दिवस कलला तेव्हा पाणी उतरलं. या बाजूलाही जुन्या तेलाचा थर जसाच्या तसा दिसत होता. सुतारणीनं हातोडी मारली. बद्द. तिनं थर खरवडला, सुरी टेकवली, आणि तळाच्या कण्यात सुरी मुठीपर्यंत गेली. कणा हातभर चिरला होता.

तांडेलानं वाकून ती चीर चाचपली. “काकी, माझी पोर बसणार होती हिच्यात.”

“म्हणून तर अडून बसले,” ती म्हणाली.

लेकीला आपल्याच होडीतून नेईन, असं तांडेलानं गावभर सांगितलं होतं. तो तोरा त्यानं वाळूतच सोडला, दोघांपुरती लहान होडी काढली, आणि पलीकडे व्याह्यांच्या दारी जाऊन होड्यांसाठी हात जोडले.

समोरची बाजू कितीही धड दिसो, लपलेली बाजू तपासल्याशिवाय कुणाचा जीव तिच्यावर सोपवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही आपल्या चार होड्या घेऊन आले, आणि नवरी पलीकडच्या काठावर सुखरूप उतरली.