शेजारच्या खुर्चीची गाठ

विमानकंपनीच्या साहेबाला कसा गप्प केला, ते ऐकाच! नातीच्या बारशाला निघालो होतो. लेकीनं स्वस्तातल्या विमानाची तिकिटं काढलेली. कोल्हापूरच्या विमानतळावर काउंटरवरची पोरगी म्हणते, "आजोबा, तुमची खुर्ची पुढं, आजींची पार मागं. शेजारी बसायचं तर जादा पैसे."

आमची शेवंता जन्मात विमानात बसली नव्हती. माझी बाही धरून म्हणाली, "मी एकटी नाही बसायची. बारसं राहू दे, घरी चला!"

तिथंच कंपनीचे मोठे साहेब, दप्तरदार, पेढे वाटत होते. पाखरू आणि झेप या दोन विमानकंपन्या त्याच दिवशी एक झाल्या होत्या. साहेब ऐटीत म्हणाले, "बाबा, नियम म्हणजे नियम. प्रत्येक प्रवासी वेगळा."

"आणि तुमच्या कंपन्या?"

"त्या आता एकच! सह्या झाल्या."

मी शेवंताच्या पदराला माझ्या उपरण्याची गाठ मारली, पूजेला मारतात तशी. म्हटलं, "आमचं अग्नीपुढं ठरलंय, साहेब. तुम्ही एक झालात तर पेढे, आणि आम्ही एक राहिलो तर दंड? घ्या, तुमच्या हातानं सोडा ही गाठ, आणि न्या तिला मागं!"

रांग खो-खो हसली. परक्या बाईच्या पदराला हात लावायची छाती कुणाची? साहेबांनी मुकाट्यानं पोरीला शेजारशेजारच्या खुर्च्या द्यायची खूण केली.

विमान उडालं तशी शेवंतानं माझा हात गच्च धरला. म्हटलं, "धर खुशाल. याचे पैसे अजून लावले नाहीत त्यांनी!"