सील केलेला वाफा

विषय : सड्यावरील मठात शिष्य म्हणून कायम राहू देण्याबाबत.

संदर्भ : अर्जदार मोरेश्वर टिपणीस, निवृत्त दक्षता अधिकारी, यांनी गोदामाईंपुढे केलेला तोंडी अर्ज.

“पण माई, पाणी वर चढतंच, हे कशावरून?”

हे विचारताना टिपणीसांचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत होते.

“आधी हात बाहेर काढ,” माई म्हणाल्या.

टिपणीसांनी हात काढले नाहीत. चौकशी अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

सडा म्हणजे उघडा कातळ. तिथे खणायला माती नाही. म्हणून मठाची भाजी पिकायची ती जांभ्या दगडांच्या, कमरेइतक्या उंच पेट्यांत. पेटीच्या तळाला ताडपत्री, तिच्यावर खडी, खडीत पाणी. त्या पाण्यातून वरच्या मातीपर्यंत जुन्या लुगड्याच्या चिंध्या वातीसारख्या सोडलेल्या. कोपऱ्यात एक उभी नळी. रोप लावताना एकदा वरून पाणी द्यायचं, पुढे जे घालायचं ते नळीतून, तळाला. झाडाला लागेल तेवढं वात वर नेते, असं मठातले लोक म्हणत.

लोक म्हणतात यावर टिपणीसांनी नोकरीत कधी विश्वास ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर ठेवण्याचं कारण नव्हतं.

अर्ज ऐकून माईंनी एकच अट घातली होती. “एक पेटी बांध. तिच्यातली भाजी माझ्या पानात वाढ. मग बोलू.”

पेटी टिपणीसांनी उत्तम बांधली. कोपरे गुण्यानं काटकोनात तपासले, ओळंबा धरला. वांग्याची रोपं लावली. आणि पहारा सुरू केला.

शेजारची पेटी शेवंताताईंची. या माईंच्या जुन्या शिष्या. त्यांची माठाची भाजी अशी माजली होती की पेटी दिसत नव्हती. टिपणीसांना ते खटकलं. बाई गुपचूप वरून पाणी घालत असणार.

एका संध्याकाळी त्यांनी शेवंताताईंच्या मातीवर बारीक रांगोळी भुरभुरली. वरून पाणी पडलं की पुरावा हाती.

सकाळी रांगोळीवर साळुंकीचे पाय उमटले होते. बाकी काही नाही.

टिपणीसांनी साळुंकीवरही लक्ष ठेवलं.

मग त्यांच्या मनात आलं, आपल्याच पेटीत कुणी काही केलं तर? त्यांनी नळीच्या तोंडाला फडकं बांधलं, दोरा आवळला, गाठीवर लाख ओतून अंगठा उमटवला. मातीवर काड्या आडव्या-उभ्या मांडल्या. रोज सकाळी सील तपासायचं, अखंड आहे याची खात्री करायची आणि मग माती उकरून वात ओली आहे का ते बोटांनी चाचपायचं. कधी शंका आलीच तर वात उपसून, उजेडात धरून, परत खोचायची. मग सील तोडून नळीत पाणी, पुन्हा माती, पुन्हा काड्या, पुन्हा लाख.

वांग्यांनी माना टाकल्या.

टिपणीस माईंसमोर जाऊन उभे राहिले. “माई, माझ्या पेटीत घातपात झालाय.”

माई माठ निवडत होत्या. हातातली जुडी शेवंताताईंकडे देऊन त्या काठी टेकत पेटीपाशी आल्या.

“लाख मोडलेली होती?”

“नाही.”

“काड्या हललेल्या?”

“एकही नाही.”

“म्हणजे आत कुणाचा हात गेला नाही.”

“माझ्याशिवाय कुणाचाच नाही.”

शेवंताताईंनी तोंडाला पदर लावला.

एकच संशयित उरला की प्रकरण कसं संपतं, हे टिपणीसांना चांगलं ठाऊक होतं. अशी कितीतरी प्रकरणं त्यांनी संपवली होती. हे मात्र त्यांना संपवायचं नव्हतं. त्यांनी आणखी एक संशयित शोधला.

“माई, राग मानू नका. माझा तुमच्यावर संशय आहे.”

“अहो, जीभ आवरा!” शेवंताताई म्हणाल्या.

“बोलू दे गं. मनात ठेवून ठेवून जड झालं असेल.” माई पेटीच्या कडेला टेकल्या. “काय केलं मी?”

“तुम्हाला मला ठेवून घ्यायचंच नाहीये. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून ही पेटी. ती फळायची नाही अशी तजवीज तुम्ही आधीच केलीय.”

“असेल.”

टिपणीस नकाराची वाट पाहत होते. कबुलीनं ते गोंधळले.

“एवढं कळलंय, तर जा की परत. मुलाचं घर आहे ना?”

घर होतं. त्या घरात टिपणीस दुधाच्या पातेल्यावर पेन्सिलीची खूण करत. सुनेनं आधी दूध त्यांच्यासमोर मोजून दाखवायला सुरुवात केली, मग बोलणं सोडलं. पुढे मुलानंही सोडलं. नातू आजोबांच्या खोलीत यायचा तो खिसे उलटे करून दाखवत. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

“जाता येत नाही,” टिपणीस म्हणाले.

“का?”

“तिथे सगळ्यांवर संशय आहे. इथे... एकट्या तुमच्यावर.”

माई मोठ्यानं हसल्या. टिपणीसांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

“शेवंते, चार रोपं आण तुझ्याकडची. आणि टिपणीस, तू बस इथे.”

माईंनी खांदा धरून त्यांना दगडावर बसवलं. तोंड कातळाकडे, पाठ पेटीकडे.

“काय दिसतं?”

“कातळ.”

“आणि तुझी पेटी?”

“मागे आहे.”

“कशावरून?”

टिपणीसांची मान वळली. माईंनी गालाला हात लावून ती सरळ केली.

मागे खुरप्याचा आवाज झाला. मग काहीतरी कडकन मोडलं. लाख! टिपणीस आवाजावरून लाख ओळखत. त्यांच्या अंगठ्याचं सील त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या परवानगीवाचून कुणीतरी फोडत होतं.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला.

नळीत पडतंय? की मातीवर? की सरळ कातळावर चाललंय? कान देऊनही ठरेना. घागर शेवंताताईंच्या हातात असेल की माईंच्या? आणि रोपं खरंच लावली असतील कशावरून? नोकरीत असते तर एव्हाना दोघींचे जबाब झाले असते.

त्यांनी दगडाची कड घट्ट धरली. मान वळू लागली, अर्ध्यात थांबली... आणि परत कातळाकडे आली. या वेळी गालाला कुणाचा हात नव्हता.

पाण्याचा आवाज थांबला. ऊन कातळावरून सरकत खाली उतरलं. टिपणीस बसून राहिले.

अर्जाची सद्यःस्थिती : अर्ज प्रलंबित आहे. पानात भाजी अजून पडलेली नाही.

शेवंताताईंनी टिपणीसांच्या पाठीमागे उभं राहून, त्यांना ऐकू जाईल इतपत हळू विचारलं, “माई, यांच्या अर्जाचं काय कळवायचं?”

“बसलाय ना अजून?”

“बसलेत.”

“मग कळवायचं कुणाला? आपल्याच माणसाला?”