टेकू काढायचा दिवस

समुद्राकाठच्या एका गावात बस्त्याव नावाचा एक गवंडी राहायचा. गाव ख्रिस्ती माणसांचं. चर्चला ते देऊळच म्हणायचे. त्यांनी दगडाचं मोठं देऊळ बांधायला काढलं आणि दारावरची उंच कमान बस्त्यावकडे दिली.

कमानीचे दगड चुन्यात बसवले. चुना सुकेपर्यंत खालून लाकडी टेकू दिले. तिथल्या गवंड्यांची एक रीत होती. टेकू काढताना कमान बांधणाऱ्याने आपलं लेकरू कडेवर घेऊन खाली उभं राहायचं.

त्या वर्षी पाऊस हटेना. चुना ओलाच राहिला आणि देवळाचा सण तर तोंडावर आला.

दुमिंग पाटील म्हणाला, "काय रे बस्त्याव, कमान बांधलीस की लाकडाची वखार? पाहुणे काय टेकूंच्या पाया पडतील?"

सगळे हसले. बस्त्यावला ते लागलं. "झालीय कमान," तो म्हणाला. "उद्या काढा टेकू."

सकाळी गाव जमला. रीतीचं नाव कोणी काढेना. तेवढ्यात त्याची बायको कातरीन गर्दीतून पुढे आली. तिने तान्ही रेमेत त्याच्यासमोर धरली.

"चुना सुकलाय ना? मग घ्या हिला, आणि राहा उभे."

बस्त्यावने हात पुढे केले. लेक त्याच्याकडे बघून हसली. त्याने हात मागे घेतले.

"नाही सुकला," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी खोटं बोललो. मला कामावरून काढा, पण टेकूला हात लावू नका."

पाटील वर कमानीकडे बघत दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "झावळ्या आणा रे. मांडव घालू."

सण मांडवातच झाला. शेजारच्या गावचे पाहुणे पोटभर जेवले आणि पोटभर चेष्टा करून गेले.

उन्हाळ्यात चुना दगडासारखा झाला. बस्त्याव रेमेतला कडेवर घेऊन कमानीखाली उभा राहिला. पण ती आता चालायला शिकली होती. शेवटचा टेकू पडला तशी ती बापाच्या कडेवरून सरसर उतरली आणि दुडुदुडु देवळात पळाली. गावाने श्वास रोखला. वरून चुन्याचा कणसुद्धा पडला नाही.

"वाजवा घंटा!" पाटील ओरडला. "देवळात पहिलं पाऊल गवंड्याच्या लेकीचं!"

ती कमान अजून उभी आहे. तिच्याखालून नवऱ्या जातात, बाप्तिस्म्याची तान्ही जातात. भीतीने वर कोणी बघत नाही.

तात्पर्य: ज्या कामाखाली आपलं लेकरू उभं करायची छाती होत नाही, ते काम झालं असं दुसऱ्याला सांगू नये.