पहिलं पाणी भुईचं

तलावाच्या पाळीवर जो मोह उभा आहे, त्याच्या बुंध्याला आज तीन माणसांची कव पुरत नाही. तो मोह बोटाएवढा होता, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हाचं माणूस आता कोणी उरलं नाही. गोष्ट तेवढी उरली.

गावाचं नाव साजटोला. धानाच्या बांध्या, एक तलाव आणि सदतीस चुली, एवढंच गाव. त्या गावात सायत्रा नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिनं धरलेलं मूल रडायच्या आधी हसायचं, असं म्हणतात.

सायत्राची एक रीत होती. बाळंतपणाला कोणी बोलावलं, की ती आधी बाईकडे जात नसे, आधी चुलीकडे जाई. मडक्यावरचं झाकण उचले, आत काय शिजतंय ते बघे, वास घेई आणि मग हात धुवे. कोणी विचारलं तर म्हणे, "पोटात काय गेलं ते कळल्याबिगर पोटातून काय येईन ते कसं कळन?" सुईणीला कोण अडवणार? पाटलाची चूल असो की कुंभाराची, झाकण उचलायचा तिचा मान होता.

मग दोन सालं पाऊस रुसला. धान बांधीतच करपलं. तलावाचा तळ उघडा पडला, मासे गेले, गाई कोणी कुठे, कोणी कुठे सोडून दिल्या. पण लाखोळी नावाचं कडधान्य तेवढं उगवलं. लाखोळीची जातच तशी. तिला खत नको, नांगर नको, पाणीसुद्धा नको. भेगाळलेल्या बांधीत फेकली तरी ती निळी फुलते. मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, कोठीतूनही मजुरीला लाखोळीच मिळायची. मग गावानं लाखोळीची डाळ खाल्ली, लाखोळीची भाकर खाल्ली, आणि दोन्हींचा कंटाळा आला म्हणून लाखोळीच्या घुगऱ्या खाल्ल्या. दुसरं काही नव्हतंच.

लाखोळी उकळली, की तिचं पहिलं पाणी दाट, पिवळं निघतं. सायत्रा प्रत्येक चुलीपाशी बसून सांगायची, "हे पाणी म्हंजे डाळीचं बळ. थेंब सांडू नका. आधी कमावत्याले पाजा, मंग बाळंतिणीले पाजा." गाव तिचं ऐकायचं. उपाशी सालात अन्नाचं पाणी फेकणं म्हणजे पापच की. घराघरांत कमावत्या गड्याच्या पुढ्यात आधी त्या पाण्याचा वाडगा यायचा, मग ताट.

गावात एकच सून अशी, की जी ते पाणी फेकायची. तिचं नाव धुरपता. नदीपलीकडची पोर, कुंभाराच्या घरात नुकतीच आलेली. ती लाखोळी कढत पाण्यात भिजत घालायची, ते पाणी परसात ओतायची. मग दुसऱ्या पाण्यात उकळायची आणि तेही ओतायची. तिची सासू कौतिका विहिरीवर सांगत सुटली, "राजाघरची पोर आणली वो मी. आमी थेंब चाटतो अन् हे भुईले जेवू घालते." बायांनी तिचं नावच 'पाणीफेकी' पाडलं. सायत्राही एकदा तिच्यावर रागे भरली होती. धुरपता मान खाली घालून एवढंच म्हणाली, "आमच्याकडं म्हणतात, आजी, पहिलं पाणी भुईचं." पण पाणी फेकणं काही तिनं सोडलं नाही.

आता ऐका पुढं काय झालं.

सायत्राला एकच लेक होता, बुधा. चोवीस वर्षांचा. ओल्या धानाचा दोन माणसांचा भारा तो एकटा पाळीवरून न्यायचा. माघातल्या एका सकाळी तो उठायला गेला आणि त्याच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या. टाच भुईला टेकेना. गुडघे एकमेकांवर आपटायला लागले.

"माये," तो म्हणाला, "पायात कोणी दोर ओढून रायलं."

सायत्रानं तेल चोळलं, शेक दिला. पाय काही सुटले नाहीत. बुधाच्या हातात बांबूची काठी आली. होळीपर्यंत गावात पस्तीस काठ्या झाल्या. सगळे धडधाकट गडी, गावातले बळकट तेवढे. पुढे तिघांच्या हातात दुसरी काठी आली. आणि दुसरी काठी ज्यानं पहिल्यांदा धरली होती, तो बळी नावाचा गडी हातांवर सरकत सरकत चालायला लागला. गावात म्हणच पडली: एक काठी, मंग दोन काठ्या, मंग भुई. देवीला बकरं दिलं, कोंबडं दिलं. देवीनं ते घेतलं. पाय परत दिले नाहीत.

बुधाच्या हातात एक काठी होती. सायत्रा रोज त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघायची.

मग एक दिवस ती उठली, ओच्यात चिंचोके भरले आणि निघाली. कुठं बाळंतपण नव्हतं, बोलावणं नव्हतं. सदतीस घरं ती फिरली. प्रत्येक घरात झाकण उचललं. काय शिजलं, कसं शिजलं, आधी कोणाला वाढलं, सगळं विचारलं. किती जण चालतात, किती जण काठीवर, ते डोळ्यांनी बघितलं. सात दिवस ती फिरत होती. शेवटी शेवटी ती दारात आली, की झाकणं आपोआप उचलली जायची, असं म्हणतात.

तिला लिहिता येत नव्हतं. तिनं आपलं अंगण शेणानं सारवलं आणि त्यावर गाव मांडलं. हा तलाव, ही पाटलाची माडी, ही कुंभारवाट. चिंचोका दगडावर घासला, की एका बाजूनं पांढरा होतो, पोरं तसे खेळायला करतात. तिनं तसेच चिंचोके केले. ज्या घरात काठी आली होती, तिथं काळी बाजू वर. जिथं सगळे चालते, तिथं पांढरी वर. मांडून झाल्यावर ती उभी राहून बघत राहिली. जिथं जिथं लाखोळीची चूल, तिथं काळं. पाटलाच्या कणगीत जुने तांदूळ होते, तिथं पांढरं, ते तिला कळलं. पण कुंभाराच्या घरात लाखोळीशिवाय दाणा नव्हता, माणसं पाच, पाचही चालती, आणि चिंचोका पांढरा.

सायत्रा कुंभारवाटेला गेली. परसात जिथं रोज पाणी ओतलं जायचं, तिथं गवताची काडी नव्हती.

"धुरपते," ती म्हणाली, "तू कशी शिजवतेस ते मले दाखव."

"आता कायले आजी? मागं तं तुमी रागे भरल्या होत्या."

"म्हणून तं आली. दाखव."

धुरपतानं दाखवलं. सायत्रा खाली बसून सगळं बघत होती. जसजसं पाणी परसात जात होतं, तसतसा तिचा चेहरा उतरत गेला.

ती घरी आली तेव्हा बुधा वाडगा तोंडाला लावतच होता. सकाळी तिनंच ओतून ठेवलेलं पहिलं पाणी. तिनं वाडगा काढून घेतला.

"का वो माये? तूच तं ओतून ठेवलं."

सायत्रानं वाडगा परसात ओतला. पस्तीसही वाडगे तिच्या शब्दावर भरले होते. ज्यांना तिनं बळ पाजलं, त्यांचेच पाय गेले होते.

पाळीवर, त्या बोटाएवढ्या मोहापाशी, गाव जमलं. सायत्रानं हात जोडून सांगितलं, की पहिलं पाणी फेका, दुसरंही फेका, माझं चुकलं. डोमाजी पाटील म्हणाला, "काल म्हणाली पाजा, आज म्हणते फेका. उद्या म्हणशील चूलच फेका." माणसं हसली. एक म्हातारी म्हणाली, "पोराच्या दुखण्यानं बाई फिरली." कोणाला पटेना. उपाशी माणसाला अन्न सोड म्हणणं सोपं नसतं, आणि ज्या तोंडानं एक सांगितलं त्याच तोंडानं दुसरं सांगणं त्याहून अवघड.

"बरं," सायत्रा म्हणाली. "तीन पुनवा. सारं गाव पाणी फेकन आणि मी एकटी पीन. तिसऱ्या पुनवेले इथंच या. कोण चालत येते अन् कोण नाई, ते डोळ्यांनी पाहा. माझं खोटं निघालं तं मले गावाबाहेर काढा."

आता पाटील हसला नाही.

बुधा घरी येऊन रडला. "माये, तुझे पाय गेले तं मी काय करू?"

"मंग उचलजो मले," ती म्हणाली. "मी तुले नव महिने उचललं."

तीन पुनवा गावानं पाणी फेकलं. फेकायच्या आधी प्रत्येक घरातून एक वाडगा सायत्राच्या दारात यायचा, आणि ती प्यायची. गावभरचं पाणी ती एकटी प्याली, असं म्हणतात. एका बाईच्या पोटात एवढं पाणी कसं मावलं ते विचारू नका. सदतीस घरांचं पाप मावलं, तिथं पाण्याचं काय.

पहिल्या पुनवेला ती चालत होती. दुसऱ्या पुनवेला तिच्या हातात काठी आली. गावात मात्र नवी काठी कोणाच्याच हाती आली नाही. एक काठीवाले एक काठीवरच राहिले. ज्यांच्या दोन होत्या, त्यांच्या दोनच राहिल्या. गेलेले पाय कोणाचेच परत आले नाहीत, गोष्टीनं खोटं सांगू नये. पण गाव जिथं होतं तिथं थांबलं.

तिसऱ्या पुनवेला, आधीच हातांवर असलेला बळी सोडला, तर सगळं गाव पाळीवर चालत आलं. सगळ्यांत शेवटी सायत्रा आली, हातांवर. पाळ चढताना तिच्या लुगड्याला माती लागत होती. डोमाजी पाटलानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि खाली उतरून तिला हात दिला.

"पटलं का गा?" तिनं विचारलं.

"पटलं, माय," पाटील म्हणाला.

त्याच दिवशी चौघांनी बाज आणली. तीन जण तिनं वाचवलेल्या पायांचे, आणि चौथा, पुढच्या डाव्या खुराशी, बुधा. एका हातात बाजेचा खूर, एका हातात काठी. त्यानंतर सायत्रा बाजेवरून गाव फिरली. दर आठवड्याला सदतीस घरं, दर घरी झाकण. धुरपताला तिनं सोबत घेतलं, आणि विहिरीवर कौतिका सांगायला लागली, "माझी सून सुईणीची गुरू हाय वो." तिला मागचं कोणी आठवून दिलं नाही.

बारा सालं ती अशी फिरली. बाज दरवर्षी हलकी व्हायची, असं म्हणतात. शेवटच्या दिवशी गावातली सगळी झाकणं एकदम खडखडली. चौघं बाज घेऊन पाळीवर आले, मोहाखाली ठेवली, आणि पाहतात तो बाजेवर कोणी नव्हतं. मूठभर चिंचोके होते. सगळ्यांची पांढरी बाजू वर.

म्हणून साजटोल्यात लाखोळी शिजली, की पहिलं पाणी मोहाच्या बुंध्याशी नेऊन ओततात. लहान पोरगीसुद्धा ओतताना म्हणते, "पहिलं पाणी भुईचं." आणि माघातल्या पुनवेला रिकामी बाज निघते. दारोदार थांबते. प्रत्येक घरची बाई मडक्याचं झाकण उचलून बाजेला दाखवते, काय शिजवलं ते. त्या दिवशी कोणी खोटं दाखवत नाही.

बाज चौघं धरतात. पुढच्या डाव्या खुराला जो असतो, त्याचे पाय किती का धड असेनात, तो दुसऱ्या हातात काठी धरून चालतो.